खाटेवरून ट्रक दिसतो तोवर

तांबड्या गाईने पाय झाडला आणि बादली कलंडली.

गाईचा काही दोष नव्हता. सासूबाईंचं डोकं तिच्या पोटाला टेकलं होतं. बोटं सडांवरच होती, पण धार थांबून बराच वेळ झाला होता. गाईने आधी शेपटी हलवली, मग मान वळवून मागे पाहिलं, आणि शेवटी ती तरी किती थांबणार, तिने पाय झाडला. दूध शेणामुतातून वाट काढत नालीकडे निघालं. सासूबाई दचकून उठल्या. त्यांनी बादली सरळ केली, आणि ती रिकामी आहे हे दिसत असतानाही वाकून आत पाहिलं.

"डास चावला असेल तिला," त्या म्हणाल्या.

शेजारच्या गाईखाली बसलेली थोरली सून म्हणाली, हो, डास फार झालेत हल्ली. तिने आपली बादली बाजूला ठेवली, पाणी आणून सांडलेलं धुतलं आणि पुन्हा आपल्या गाईखाली जाऊन बसली. एवढ्या कोरड्या दिवसांत डास कुठून येणार? पण सासूबाईंनी एकदा डास म्हटलं की डासच, असं दोघींमध्ये न बोलता ठरलेलं होतं. त्या महिन्यातली ही तिसरी बादली होती.

सासूबाईंना झोप नव्हती. मागच्या उन्हाळ्यात घरासमोरचा रस्ता रुंद झाला. पूर्वी तो दोन गाड्यांपुरता होता, दोन्ही कडांना जुनी झाडं होती आणि घर नि रस्ता यांच्यामध्ये शेत होतं. झाडं गेली, शेताचा अर्धा तुकडा गेला, आणि सहा पदरी हायवे दारापासून चाळीस पावलांवर येऊन थांबला. रस्ता थांबला, त्यावरचं काही थांबेना. पुढे वळण होतं म्हणून त्याच्या आधी रस्त्यावर जाड आडव्या पट्ट्या मारल्या होत्या. भरलेला ट्रक त्यांवरून गेला की फळीवरचे पेले किणकिणायचे आणि खाटेच्या पायांतून थरथर वर यायची.

दिवसा कान कामात असायचे. अंधार पडला की लांब पल्ल्याच्या गाड्या सुरू व्हायच्या, आणि थोरलीला भिंतीपलीकडून सासूबाईंची खाट ऐकू यायची. एक कूस, दुसरी कूस, मग उठून बसणं, मग पुटपुटणं. रोज हजार वेळा देवाचं नाव घ्यायचं असा त्यांचा तरुणपणापासूनचा नेम होता. पूर्वी चूल, गोठा, शेत करताकरता तो दिवस मावळायला जेमतेम पुरा व्हायचा. आता तो उजाडायच्या आत संपलेला असायचा.

घरातल्या सगळ्यांचेच आवाज चढले होते. मीठ मागायचं तरी ओरडून मागायचं. एकदा सासरे दूरच्या गावी एका घरी भेटायला गेले होते. तिथे तीन दिवसांपूर्वी माणूस गेलेलं. सासरे ओसरीवर बसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "फार वाईट झालं." आतल्या बायका दचकून बाहेर आल्या, कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. सासरे त्याच पावली परत आले. दुसऱ्या दिवशी थोरलीला म्हणाले, की आता अशा ठिकाणी मी जाणार नाही, मला लोकांत बोलता येत नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरणीने सासूबाईंच्या दंडाला पट्टा दोनदा गुंडाळला, दोनदा आकडा पाहिला आणि थोरल्या मुलाला बाजूला घेतलं. गोळी देते, ती म्हणाली, पण गोळीचा उपयोग अर्धा. यांना झोपू द्या. नाहीतर एके दिवशी असं काही होईल की मग माझ्याकडे आणून फायदा नाही.

थोरल्याने विहिरीपलीकडे जाऊन धाकट्या भावाला फोन केला, कारण घरातून केला तर रस्त्याच्या आवाजात काही ऐकू यायचं नाही. धाकटा शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा. एका खोलीत तो, बायको आणि दोन मुलं अशी चौघं राहत होती. तीन महिन्यांनी दोन खोल्यांचं घर मिळणार होतं. घर मिळालं की मी गाडी घेऊन येतो आणि आईला नेतो, तो म्हणाला. कायमची. चौथा मजला आहे, मागच्या बाजूला, चिटपाखरू ओरडत नाही.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही ठरवाल तसं." आणि उठून गोठ्यात गेल्या.

त्या दिवसापासून त्या थोरलीला शिकवायला लागल्या. थोरली या घरात येऊन चौदा वर्षं झाली होती, तिला काय येत नव्हतं? तरी त्या सांगायच्या. या पांढरीचं मागचं डावं सड आधी धर. हिला गार हात चालत नाही, कोमट पाण्यात बुडवून घे. कपाळावर चांद असलेली व्यायला आली की दोन दिवस आधी खात नाही, घाबरायचं नाही. थोरली मान हलवायची. हे शिकवणं नव्हतं. सासूबाई एकेक करून गाई तिच्या हवाली करत होत्या.

तिने सासूबाईंचं जाणं मनातून मान्य केलं नव्हतं. देवापुढे बसली की ती एकच मागायची. रस्ता हटव असं नाही, तेवढं मागायची तिची छाती नव्हती. फक्त आईंना डोळा लागू दे.

रस्ते खात्याकडे अर्ज आधीच गेलेला होता. आवाज ठरलेल्या मर्यादेच्या वर आहे असं सिद्ध झालं, तर खातं रस्त्याच्या कडेला आवाज अडवणारी भिंत बांधून देणार होतं. एका सकाळी आवाज मोजायला खात्याची मोजणीवाली बाई आली. डोक्याला टोपी, पायात पुरुषी बूट, बोलणं भरभर. तिने फाटकाशी, रस्त्याकडे तोंड करून, तीन पायांवर एक यंत्र उभं केलं. टोकाला काळ्या स्पंजचं बोंडूक. दिवसरात्र हे ऐकत राहील, ती म्हणाली. उद्या याच वेळेला माझा माणूस येऊन घेऊन जाईल. आणि गाडीत बसताबसता सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, नीट सांभाळा हं. फार नाजूक वस्तू आहे."

तिने फक्त सांभाळा म्हटलं, तिथेच सगळं बिघडलं.

सासरे सांभाळणारा माणूस. ऊन चढलं, ट्रकांची धूळ उडून त्या बोंडकावर बसायला लागली, तसा त्यांचा जीव वरखाली झाला. एवढ्या लांबून आपल्या कामासाठी आलेली वस्तू, आणि ती फाटकात भिकाऱ्यासारखी धूळ खात उभी. घराला शोभतं का? त्यांनी थोरल्याला हाक मारली. बापलेकांनी यंत्र तान्ह्या मुलासारखं उचललं आणि कडब्याच्या गंजीमागे सावलीत आणलं. अंगणातली सगळ्यात चांगली जागा तीच. थोरलीने फळी धुऊन खाली घातली. वरून ऊन तिरपं येऊ नये म्हणून दूध गाळायचं स्वच्छ फडकं दोन काठ्यांवर ताणून बांधलं. सासूबाईंनी वासराच्या गळ्यातली घंटा काढून ठेवली, उगीच त्याला त्रास नको. आणि वर्षभर ओरडून बोलणारं ते घर त्या दिवशी यंत्राजवळून जाताना कुजबुजत होतं.

दुसऱ्या दिवशी माणूस यायच्या आधी त्यांनी ते परत फाटकाशी नेलं, तीन पायांच्या तीन खुणांवर बरोबर ठेवलं. थोरलीने त्याची धूळ पुसली. नेणारा माणूस म्हणाला, अरे वा, एवढं चकचकीत कुणी परत देत नाही. सासरे दिवसभर खुशीत होते.

वीस दिवसांनी पत्र आलं. आवाज मर्यादेच्या आत. भिंतीची मागणी मान्य करता येत नाही.

पत्र पंक्चरवाल्याने वाचून दाखवलं. फाटकासमोर, सर्व्हिस रोडला त्याचं दुकान होतं. सकाळी दूध न्यायला यायचा आणि तासभर बसायचा. हायवेवर त्याचं पोट होतं, त्यामुळे त्याला आवाजाचं काही वाटत नव्हतं. उलट गाड्या कमी झाल्या की त्याला झोप येत नसे. तरी पत्र वाचून तोही चकित झाला. मर्यादेच्या आत म्हणजे काय, तो म्हणाला, यंत्राने कानात बोळे घातले होते का?

थोरला रस्ते खात्याला शिव्या घालायला लागला. पैसे चारले असतील, यंत्र बिघडलेलं असेल. सासरे मान खाली घालून बसले होते. मग त्यांनी पंक्चरवाल्याला सांगितलं, यंत्र कुठे होतं ते.

पंक्चरवाल्याने आधी सासऱ्यांकडे पाहिलं, मग गंजीकडे, मग फडक्याकडे. ते फडकं त्या वेळी दोरीवर वाळत होतं.

"बाबा, तो पाहुणा नव्हता हो," तो म्हणाला. "साक्षीदार होता तो तुमचा. त्याला तुम्ही मागच्या खोलीत झोपवलात."

थोरला पाय आपटत कडबाकुट्टीकडे गेला आणि ती सुरू करून इतक्या रागाने पेंढ्या आत ढकलायला लागला, की थोरलीने जाऊन त्याच्या हातातली पेंढी काढून घेतली. एक बोट गेलं असतं. त्याचाही डोळा दोन रात्री लागला नव्हता.

मग ती गंजीमागे जाऊन उभी राहिली. कडबा खांद्याच्या वर, दाट, रस्त्याच्या बाजूने भिंतीसारखा. तिने डोळे मिटले. ट्रक जात होते, पट्ट्यांवर चाकं आपटत होती, पण ते जणू दुसऱ्या कुणाच्या घरासमोर चाललं होतं. ती परत आली आणि म्हणाली, "यंत्र खोटं बोललं नाही. तिथे तेवढंच ऐकू येतं."

त्या दुपारी तिने सासूबाईंची खाट गंजीमागे नेऊन टाकली. सासूबाई नको नको म्हणाल्या, भर दुपारी आडवं व्हायला मी काय आजारी आहे का, असं म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून जे झोपल्या ते धारेच्या वेळेलाच उठल्या. उठल्यावर कुणाची चोरी केल्यासारखा चेहरा. पण डोळ्यांखालचं काळं जरा पुसल्यासारखं झालं होतं.

पंधरा दिवस बरे गेले. पण गंज ही काही भिंत नव्हे, गाईंचं जेवण. रोज दोन थर उतरायचे. एका दुपारी सासूबाई न झोपताच उठून आल्या. थोरलीने विचारलं तर म्हणाल्या, ट्रकांची टपं दिसायला लागली आता पडल्यापडल्या. दिसायला लागलं की ऐकू येतं.

थोरलीला ते वाक्य सोडीना.

धाकट्याला यायला सहा आठवडे उरले होते. तिने ठरवलं, खात्यात जाऊन खरं सांगायचं. थोरला यायला तयार नव्हता, काय तोंड घेऊन जायचं म्हणाला. सासरे मात्र उठले. धुतलेले कपडे घातले आणि सुनेबरोबर बसमध्ये बसले.

कचेरीत त्यांना दोन तास बाकावर बसवलं. कारकुनाने विचारलं, काय काम? सासरे घरच्या सवयीने बोलले, आणि सबंध कचेरीला कळलं की यंत्र यांनी हलवलं होतं. टेबलांवरच्या माना वर झाल्या. कारकून म्हणाला, हळू बोला, मी बहिरा नाही. सासऱ्यांचे कान लाल झाले. त्यांनी बोलणं सोडलं आणि पुढचं सगळं थोरलीने सांगितलं.

मोजणीवाली बाई आधी चांगलीच तापली. चोवीस तासांची मोजणी वाया घालवलीत, म्हणाली. मग फळी कशाला घातली होती, असं विचारलं. मग फडकं कसलं होतं, असं. दूध गाळायचं, हे ऐकल्यावर तिने कागद तोंडापुढे धरला आणि तिचे खांदे हलायला लागले.

पुन्हा मोजणी होईल, ती शेवटी म्हणाली, पण यादीत नाव खाली जाईल. वर्षभराने मोजणी, भिंत त्यानंतर कधीतरी. थोरलीने विचारलं, भिंतच पाहिजे का? आमचा कडबा तेच करत होता. आमच्या आई म्हणतात, खाटेवरून ट्रक दिसला की ऐकू येतो.

बाईने खुर्ची पुढे ओढली.

"त्यांना हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पडल्यापडल्या कळलं त्यांना."

बाईने कागदावर रस्ता काढला, घर काढलं, आणि मध्ये एक टेकडी. आम्हाला हे शिकायला चार वर्षं लागतात, ती म्हणाली. दीड कोसावर रस्त्याखालून जायच्या बोगद्याचं खोदकाम चाललं होतं. निघालेली माती ठेकेदार लांबच्या खाणीत नेऊन ओतत होता. तुमच्याकडे ओतायला तो आनंदाने तयार होईल, त्याची खेप वाचते. परवानगीचं मी बघते. पण बांध दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उंच हवा, म्हणजे खाली अठरा पावलं रुंद. कुठेही फट नको. पाणी कसं फट सापडली की आत येतं, तसंच हे. जमीन तुमची जाणार. तेवढी लिहून द्यावी लागेल.

बसमध्ये सासरे बोटांवर पावलं मोजत होते. अठरा पावलं म्हणजे गाईंच्या चाऱ्याची, घासाची सबंध पट्टी.

हायवेने अर्धं शेत नेल्यावर रस्त्यालगत तेवढीच ओली जमीन उरली होती. बारा महिने हिरवा घास त्यावरच. थोरल्याने ऐकलं आणि जेवणाचं ताट पुढे सारलं. अर्धी त्यांनी मागून नेली, तो म्हणाला, आता उरलेली आपण होऊन गाडायची? गाईंना काय माती घालू? सासूबाई दाराशी बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, माझ्यापायी हिरवं गाडू नका रे. धाकट्याकडे काय वाईट आहे? मी जाईन.

सासऱ्यांनी जमीन लिहून द्यायचा कागद घडी करून फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी धारा झाल्यावर थोरलीने पूजा उरकली, विळा घेतला आणि घासाच्या पट्टीत जाऊन बसली. कुणाला विचारलं नाही. एका टोकापासून कापायला सुरुवात केली, अगदी मुळाशी, पुन्हा फुटायचं नाही असं. डोक्यावर ऊन होतं, पाठीमागून ट्रकांचा वारा पदर उडवत होता. मूठभर कापायचं, बाजूला ठेवायचं, सरकायचं. चौदा वर्षं तिने हा घास कापला होता, पण दरवेळी चार बोटं राखून. मुळाशी विळा घालताना तिचा हात अडखळायचा. ती मनात देवाचं नाव घ्यायची आणि विळा ओढायची.

दुपारपर्यंत तिच्या कमरेचा काटा ढिला झाला. ती पाठ सरळ करायला उठली तेव्हा दिसलं, पट्टीच्या दुसऱ्या टोकाला थोरला बसला होता. त्याचाही विळा चालला होता. तो वर पाहत नव्हता. दोघं दिवस मावळता मावळता मधोमध भेटली. त्याने तिचा भारा उचलून डोक्यावर घेतला, आपलाही घेतला आणि गोठ्याकडे निघाला. सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी कागदावर सही केली.

माती यायला लागली. अकरा दिवस डंपर आले. आवाज घालवायला आलेल्या गाड्यांनी असा आवाज केला, की पंक्चरवालासुद्धा म्हणाला, हे औषध रोगाहून भारी दिसतंय. जेसीबीने ढिगांना बांधाचा आकार दिला आणि निघून गेला. पुढचं हातांनी करायचं होतं. दगड वेचायचे, खळगे भरायचे, थर चोपायचे, माथा उचलत न्यायचा. सासरे पाणी मारायचे, थोरला माती चोपायची धुम्मस आपटायचा, थोरली घमेल्याने माती वर न्यायची. पायाखाली भुसभुशीत, एक पाऊल वर तर अर्धं खाली. तिच्या टाचा फुटल्या, मानेची शीर धरली. पंक्चरवाला दुकानात गिऱ्हाईक नसलं की फावडं घेऊन यायचा. काम कमी आणि सूचना जास्त.

उंची कुठवर न्यायची हे मोजायला त्यांच्याकडे यंत्र नव्हतं. सासूबाई होत्या.

खाट त्यांच्या झोपायच्या जागी, खिडकीशी टाकली. त्या आडव्या व्हायच्या आणि बघायच्या. बांधावरून थोरला ओरडायचा, सासरे अंगणातून ते पुढे पोचवायचे, सासूबाई आतून उत्तर द्यायच्या.

"दिसतोय का?"

"अख्खा दिसतोय. निळा आहे."

चार घमेली पडायची.

"आता?"

"टप दिसतं. वर ताडपत्री बांधलीय, एक कोपरा सुटलाय त्याचा, सांगा कुणीतरी."

पंक्चरवाला म्हणाला, की म्हातारीला चौकीवर बसवा, एकही गाडी सुटायची नाही.

पाचव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, आता एकही दिसत नाही. सगळे बांधावरच बसले. पण थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या आणि अपराध्यासारख्या म्हणाल्या, की दिसत नाही, पण ऐकू येतो. फाटकाकडून.

फाटकाला बांधात वाट सोडलेली होती. फाटक सासऱ्यांनी लग्नाच्या वर्षी स्वतः बसवलं होतं. दोन घडीव दगडी खांब, लोखंडी दार. येणाऱ्याला ते तिथेच उभे राहून या म्हणायचे. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, बांधाकडे पाहिलं. मग आत जाऊन पहार आणली. खांब काढायला बापलेकांना दीड दिवस लागला. नवी वाट गोठ्याच्या पलीकडून, बांध संपतो त्याला वळसा घालून काढली. जुन्या वाटेवर माती पडायला लागली तेव्हा पहिलं घमेलं सासऱ्यांनीच टाकलं. म्हणाले, आता मागच्या दाराने येणाऱ्यालाही या म्हणायला शिकलं पाहिजे.

फट बुजवायला आणखी तीन दिवस. शेवटच्या दिवशी ऊन कलताना माथा बाकीच्या बांधाला येऊन मिळाला. थोरल्याने वरून हाक दिली. "दिसतोय का?"

सासऱ्यांनी ती पुढे पोचवली. आतून उत्तर नाही.

"आई, ऐकू येतंय का?" थोरला पुन्हा ओरडला.

काही नाही. सासऱ्यांनी खिडकीतून पाहिलं आणि ते तसेच उभे राहिले. थोरल्याच्या हातातली धुम्मस सुटली. तो बांधावरून घसरत, गुडघे सोलत खाली आला. डॉक्टरणीचं ते बोलणं गेले अडीच महिने त्याच्या छातीत अडकून होतं. थोरली घमेलं टाकून त्याच्या मागे धावली. धावताना तिच्या तोंडून नाव निघत होतं, मागणं काही नाही, नुसतं नाव.

दारात तिने त्याची बाही धरली.

सासूबाई कुशीवर होत्या. एक हात खाटेबाहेर लोंबत होता. तोंड थोडं उघडं. आणि त्या घोरत होत्या, बारीक, लयीत. खोलीत ते घोरणं स्पष्ट ऐकू येत होतं. त्या घरात कुणाचं घोरणं ऐकू येऊन सव्वा वर्ष झालं होतं.

थोरला दाराच्या चौकटीला टेकला आणि खाली बसला. आवाज गेला नव्हता. तो लांब गेला होता, शेजारच्या गावात कुणी दळण दळत असावं तसा. पंक्चरवाला धापा टाकत आला, काय झालं म्हणून विचारायला त्याने तोंड उघडलं, आणि सासऱ्यांनी त्याच्या तोंडावर आपला मातीचा हात ठेवला.

पुढे गवताचं बी टाकलं, ते धरलं. बांधाच्या आतल्या उतारावर हिरवं दिसायला लागलं. घासाएवढं नव्हे, पण गाईंना दोन तोंडं मारायला पुरेल इतकं.

ठरल्याप्रमाणे धाकटा आला, रविवारी, दुपारची धार व्हायच्या वेळेला. त्याला फाटकच सापडेना. दोनदा पुढे जाऊन परत आला. शेवटी पंक्चरवाल्याने वाट दाखवली. अंगणात गाडी उभी करून तो मोठ्याने म्हणाला, की घर कुठे गेलं म्हटलं मी. थोरल्याने त्याला डोळ्यांनी दटावलं.

सासूबाई आडव्या झाल्या होत्या. धाकटा ओसरीवर बसला. गाई हंबरायला लागल्या. कुणी सासूबाईंना हाक मारली नाही. थोरली चहा घेऊन आली. धाकट्याने नव्या घराचं सांगितलं. आईसाठी खिडकीजवळ जागा केलीय, नवी खाट घेतलीय. सांगताना तो मधेच थांबला आणि कान देऊन ऐकायला लागला. थोड्या वेळाने विचारलं, "दादा, रस्ता बंद आहे का आज?"

थोरला म्हणाला, नाही, चालू आहे.

सासूबाई अर्ध्या तासाने उठून बाहेर आल्या. चेहरा झोपेने सुजलेला, गालावर खाटेच्या सुंभाची नक्षी उठलेली. धाकट्याला पाहून त्यांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत घेतलं, वाळलास म्हणाल्या, आणि गाई अजून तशाच आहेत म्हणून सगळ्यांवर रागावल्या. धाकटा हसला. मग जरा अवघडत म्हणाला, आई, सामान बांधलंस का?

त्या त्याच्याजवळ बसल्या.

"येते की," त्या म्हणाल्या. "तुझं नवं घर बघायला नको का मला? आठ दिवस राहते. नवव्या दिवशी आणून सोडायचं, चांद असलेली व्यायला आलीय."

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. थोरला दुसरीकडे पाहत होता. सासरे खाकरले. मग धाकटाही म्हणाला, बरं, आठ तर आठ.

सासूबाईंनी पदर खोचला, बादली उचलली आणि थोरलीला हाक मारायला वळल्या. ती ओसरीच्या कडेला भिंतीला टेकून बसली होती. चहाचे रिकामे पेले तिच्या मांडीवर, मान एका बाजूला कललेली. पायांच्या भेगांत अजून बांधाची माती होती. ती केव्हा झोपली कुणालाच कळलं नव्हतं. इतके दिवस तीही झोपलेली नाही, हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

सासूबाईंनी तिच्या मांडीवरचे पेले एकेक करून अलगद काढून घेतले. धाकटा काही बोलणार होता.

"गप्प बसा सगळे," त्या हळूच म्हणाल्या. "आज दोघींच्या धारा मी काढते."